जुनी क्षेपणास्त्रे, जागते हात

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आरंभीच एक खुलासा करतो. मी सेनाधिकारी नाही, अभियंता तर नाहीच नाही. कला शाखेची पदवी घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीत शिरलो आणि देशोदेशींच्या युद्धांच्या बातम्या मराठीत आणता आणता केस पिकले. त्यामुळे आजच्या विषयातले तंत्र मला जेवढे उमगले तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे. माझा भर त्या तंत्रामागे उभ्या असलेल्या माणसांवर राहील.

मे २०२५ मधील त्या चार रात्री आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. २२ एप्रिलला पहलगाम येथे २६ निरपराधांची हत्या झाली. ७ मे रोजी आपल्या सेनादलांनी दहशतवाद्यांच्या नऊ तळांवर प्रहार केला आणि त्याच रात्री पाकिस्तानने अवंतीपुरापासून भुजपर्यंतच्या पंधरा ठिकाणांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे सोडली. पुढच्या रात्री ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन आले, असे आपल्या अधिकृत वार्ताहर परिषदेत सांगण्यात आले. घरोघरी माणसे दूरचित्रवाणीपुढे जागी होती. एस-४००, आकाश, ब्रह्मोस ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ झाली. परंतु सरकारी निवेदनांत आणखी काही नावे होती. पेचोरा, ओसा-एके, आणि कमी उंचीवर मारा करणाऱ्या हवाई संरक्षण तोफा. ही नावे बहुतेकांनी प्रथमच ऐकली.

पेचोरा सोव्हिएत सैन्यात दाखल झाली १९६१ साली. ओसा १९७१ च्या सुमारास. आणि त्या रात्री ड्रोनवर धडाडणारी एल-७० तोफ मुळात स्वीडनच्या बोफोर्स कंपनीने दुसरे महायुद्ध संपल्यानंतर लगेच आखलेली. म्हणजे ज्या जवानाने ती चालवली, त्याच्या वडिलांपेक्षाही तिचे वय अधिक!

यावर दोन प्रतिक्रिया माझ्या कानी आल्या. पहिली उपहासाची : "आमच्या जवानांच्या हाती साठ वर्षांपूर्वीचे भंगार दिले आहे." दुसरी अभिमानाची : "जुने ते सोने, नव्याची गरजच काय?" दोन्हींमध्ये सत्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. हे समजून घेण्यासाठी आपल्याला थोडे युरोपात आणि पश्चिम आशियात फिरून यावे लागेल.

पेचोरा म्हणजे काय?

मूळ रशियन नाव एस-१२५. 'पेचोरा' हे तिच्या निर्यातीच्या आवृत्तीचे नाव. तिच्या आधीच्या एस-७५ या क्षेपणास्त्राने १ मे १९६० रोजी अमेरिकेचे यू-२ हे हेरगिरी करणारे विमान अतिशय उंचावर पाडले होते. उंचावर मारा करणाऱ्या अशा क्षेपणास्त्रांना चुकवायचे तर विमानांना खालून उडणे भाग होते. खालून येणाऱ्या शत्रूला गाठण्यासाठी एस-१२५ निर्माण झाली. तिचा पल्ला सुमारे २५ किलोमीटर. घन इंधनावर चालणारे दोन टप्प्यांचे क्षेपणास्त्र. लांबवर पाहणारे एक रडार लक्ष्याची चाहूल देते; दुसरे रडार त्यावर नजर खिळवते आणि क्षेपणास्त्राला रेडिओ संदेशाने वाट दाखवत लक्ष्यापर्यंत नेते. म्हणजे क्षेपणास्त्र सुटल्यावरही जमिनीवरच्या माणसाचे काम संपत नाही. स्फोट होईपर्यंत त्याला रडार चालू ठेवावेच लागते.

नेमका हाच तिचा दुबळेपणा. रडार चालू ठेवणे म्हणजे काळोख्या रानात कंदील लावून बसणे. कंदिलाने आपल्याला दिसते, तसे आपणही साऱ्या रानाला दिसतो. रडारच्या किरणांचा माग काढत थेट त्याच्यावरच येऊन आदळणारी क्षेपणास्त्रे व्हिएतनाम युद्धापासून वापरात आहेत. त्यामुळे अशा जुन्या प्रणालीवर काम करणाऱ्यांपुढे प्रत्येक वेळी एकच प्रश्न असतो : कंदील केव्हा लावायचा, किती क्षण, आणि विझवल्यावर किती लवकर जागा सोडायची?

बुडयानोव्त्सीची रात्र

या प्रश्नाचे उत्तर एका माणसाने १९९९ साली दिले. २४ मार्च १९९९ रोजी 'नाटो'ने युगोस्लाव्हियावर हवाई युद्ध सुरू केले. अमेरिकेचे एफ-११७ हे विमान त्या काळी अजिंक्य समजले जात होते. रडारला न दिसणारे विमान म्हणून त्याची ख्याती होती. तीनच दिवसांनी, २७ मार्चच्या रात्री, बेलग्रेडच्या पश्चिमेला बुडयानोव्त्सी या खेड्याच्या शेतात त्या विमानाचे अवशेष पडले होते. वैमानिक हवाई छत्रीने उतरला आणि त्याला अमेरिकी पथकाने सोडवून नेले. विमान पाडले होते एस-१२५ने, म्हणजे आपल्या पेचोराच्या सख्ख्या बहिणीने.

त्या तुकडीचा प्रमुख होता झोल्तान दानी. त्याने काय केले? त्याच्यापाशी पी-१८ नावाचे जुने रडार होते. ते मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी वापरते. एफ-११७ची कोनाकोनांची बांधणी आखूड लहरींना चकवण्यासाठी होती. लांब लहरींपुढे तिची जादू उणी पडते. अशा रडारला अचूक जागा सांगता येत नाही, पण "या दिशेने कोणीतरी येत आहे" एवढे ते सांगते. दानीला तेवढे पुरले. दिशा कळल्यावरच त्याने नेम धरणारे रडार लावले, तेही मोजक्या सेकंदांसाठी. त्याच्या तुकडीत एक कडक नियम होता : हे रडार एका वेळी वीस सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवायचे नाही. त्या काळात नेम बसला तर ठीक, नाहीतर विझवा आणि तळ हलवा. त्या रात्री शत्रूचे रडार आंधळे करणारी अमेरिकी विमाने एफ-११७च्या सोबतीला नव्हती. शिवाय ही विमाने रोज जवळजवळ त्याच वाटेने येत. अजिंक्यपणाच्या समजुतीतून आलेली ती बेफिकिरी होती. सुमारे तेरा किलोमीटरवरून दोन क्षेपणास्त्रे सुटली आणि एकाने काम केले.

पुढे २ मे रोजी याच तुकडीने एक एफ-१६ विमानही पाडले. ७८ दिवसांच्या बॉम्बवर्षावात ही तुकडी पुन्हा पुन्हा जागा बदलत टिकून राहिली. ठरलेल्या जागी थांबलेल्या अनेक तुकड्या मात्र त्याच युद्धात नष्ट झाल्या. शस्त्र एकच, देश एक, शत्रूही एकच. फरक शिस्तीचा होता.

या कथेचा उत्तरार्धही सांगण्यासारखा आहे. निवृत्तीनंतर दानीने आपल्या गावी पावाची भट्टी घातली. २०११ साली ज्याचे विमान त्याने पाडले होते तो वैमानिक डेल झेल्को त्याला भेटायला सर्बियात आला आणि दोघांची मैत्री जमली.

परंतु मित्रहो, ही कथा सांगताना आपण हुरळून जाऊ नये. त्या युद्धात 'नाटो'च्या विमानांनी सुमारे ३८ हजार उड्डाणे केली आणि वैमानिक असलेली त्यांची दोनच विमाने सर्बियन तुकड्यांनी पाडली. सर्बियाला अखेर कोसोवोमधून सैन्य मागे घ्यावे लागले. एका कुशल अधिकाऱ्याने आपल्या सैन्याची लाज राखली, पण युद्धाचा निकाल फिरला नाही. जुन्या शस्त्राची खरी कामगिरी पाडलेल्या विमानांच्या आकड्यात मावत नाही. त्या क्षेपणास्त्रांच्या आणि तोफांच्या धाकाने 'नाटो'ची विमाने बराच काळ पंधरा हजार फुटांच्या वर राहिली. खाली येऊन रणगाडे टिपणे त्यांना अवघड गेले. कितीतरी उड्डाणे केवळ या रडारांना गप्प बसवण्यात खर्ची पडली. शत्रूला सावध, संथ आणि खर्चिक करणे हे हवाई संरक्षणाचे अर्धे काम असते, आणि जुनी प्रणाली तेवढे निश्चित करू शकते.

बेकाचा धडा

आता याच नाण्याची दुसरी बाजू. १९७३ च्या ऑक्टोबर युद्धात इजिप्त आणि सीरिया यांच्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांनी आणि तोफांनी इस्रायलच्या वायुदलाला हादरा दिला. सुमारे शंभर विमाने इस्रायलने गमावली. आपण कुठे चुकलो, याचा इस्रायलने पुढची नऊ वर्षे अभ्यास केला. सीरियाने मात्र विजयाच्या आठवणीवर समाधान मानले.

९ जून १९८२. लेबनॉनमधील बेका खोरे. तेथे सीरियाच्या १९ क्षेपणास्त्र तुकड्या होत्या. त्यांतील बऱ्याच कुब प्रणालीच्या, म्हणजे पेचोरापेक्षा नव्या पिढीच्या आणि साखळी चाकांवर हिंडू शकणाऱ्या. पण त्या हिंडल्याच नाहीत. एकाच जागी खंदकात बसून राहिल्या. इस्रायलने आधी वैमानिकरहित विमाने पाठवली. हल्ला आला असे समजून सीरियाने रडार चालू केले, आणि इस्रायलला हवे होते तेच झाले. कोणते रडार कोठे आहे याचा नकाशा त्याच्या हाती आला. त्या दिवशी १९ पैकी १७ तुकड्या निकामी झाल्या.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. १९९९ मध्ये जुनी प्रणाली हलती राहिली आणि वाचली. १९८२ मध्ये नवी प्रणाली बसून राहिली आणि संपली.

तोफ पुन्हा का आठवली?

युक्रेनमध्ये २०२२ पासून हेच प्रयोग मोठ्या प्रमाणावर दिसले. जर्मनीने तेथे गेपार्ड ही सत्तरच्या दशकातली, रडार जोडलेली विमानवेधी तोफ पाठवली. स्पेनने अमेरिकी बनावटीची जुनी हॉक क्षेपणास्त्रे दिली. पोलंडने आपली सुधारित एस-१२५ दिली. यांतील काही सामान युरोपात निवृत्तीच्या वाटेवर होते किंवा निवृत्त झालेच होते. ते पुन्हा का लागले? कारण आकाशातला शत्रू बदलला. स्वस्त ड्रोन शेकड्यांनी येऊ लागले. त्या प्रत्येकावर कोट्यवधी रुपयांचे क्षेपणास्त्र झाडणे म्हणजे चिलटे मारायला चांदीची काठी वापरणे. शत्रूचा हेतूही तोच असतो : तुमची मोलाची क्षेपणास्त्रे भलत्याच ठिकाणी संपवायची आणि मग खरा घाव घालायचा.

येथेच एल-७० चे मोल कळते. मिनिटाला सुमारे तीनशे गोळे, तीन-चार किलोमीटरचा पल्ला आणि क्षेपणास्त्राच्या तुलनेत नगण्य खर्च. अर्थात मे २०२५ मध्ये लढलेली एल-७० जशी साठच्या दशकात आली तशी राहिलेली नव्हती. आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने तिला रात्रीही पाहणारे डोळे आणि लक्ष्याचा आपोआप पाठलाग करणारी यंत्रणा दिली आहे. नळी जुनी, नजर नवी.

पेचोराचेही तेच. तिच्या मूळ यंत्रणेत काचेचे इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह होते, आपल्या लहानपणच्या रेडिओत असत तसे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळल्यावर सुट्या भागांचा प्रश्न उभा राहिला. घन इंधनाला काळाने तडे जातात, बॅटऱ्या मरतात, रबरी बंद कडक होतात. क्षेपणास्त्र कोठारात नुसते पडून असले तरी म्हातारे होत असते. प्रत्येक क्षेपणास्त्र वेळोवेळी तपासणे, त्याचे आयुष्य वाढवता येईल का हे ठरवणे, नाही म्हणण्याचे धैर्य दाखवणे, हे काम वर्षानुवर्षे करणारे तंत्रज्ञ कोणत्याही छायाचित्रात दिसत नाहीत.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रपूजन होते. घरातील वडीलधारी माणसे आधी काय करतात? शस्त्रे, अवजारे बाहेर काढतात, घासून पुसून त्यांचा गंज उतरवतात, तेल लावतात, आणि मग त्यांवर फूल वाहतात. नुसते फूल वाहिले तर ती पूजा नव्हे. देशाच्या शस्त्रागारालाही हाच नियम लागू आहे.

एकटे शस्त्र आणि जोडलेले शस्त्र

आणखी एक गोष्ट घडली आणि माझ्या मते तीच निर्णायक ठरली. दानी जवळजवळ एकाकी लढला. आपली पेचोरा एकाकी नव्हती. वायुदलाची एकात्मिक हवाई आदेश आणि नियंत्रण प्रणाली आणि सेनेची 'आकाशतीर' यांनी देशभरच्या रडारांची नजर एकत्र गुंफली होती. दूरचे एखादे रडार जे पाहते, ते तोफेपाशी बसलेल्या जवानाला कळते. मग पेचोराच्या तुकडीला आपला कंदील सतत लावून बसण्याचे कारण उरत नाही. शत्रू नेमका कोठे आहे हे दुसऱ्यांनी सांगितले, की अखेरच्या क्षणी रडार लावायचे. दानीने जे वीस सेकंदांच्या शिस्तीने साधले, त्याला येथे जाळ्याचे बळ मिळाले.

१२ मे च्या वार्ताहर परिषदेत लेफ्टनंट जनरल राजीव घई यांनी क्रिकेटचा दाखला दिला, तो आपल्याला आठवत असेल. त्याचा आशय असा, की एका गोलंदाजाच्या हातून सुटलात तर दुसरा तुम्हाला टिपणारच. दूरसाठी एस-४००, मध्यम अंतरासाठी आकाश आणि पेचोरा, जवळ ओसा आणि सर्वांत शेवटी तोफा. अशा रचनेत जुने शस्त्र शेवटच्या फळीतल्या अनुभवी खेळाडूसारखे उपयोगी पडते. मात्र सारा संघ त्याच्यावर सोडता येत नाही.

दोन जखमा

विजयाच्या गोष्टी सांगताना जखमा झाकून ठेवणे पत्रकाराला शोभत नाही. ४ ऑक्टोबर २००१ रोजी युक्रेनच्या सरावात सुटलेल्या एस-२०० या जुन्या क्षेपणास्त्राने काळ्या समुद्रावर एक रशियन प्रवासी विमान पाडले. ७८ माणसे गेली.

दुसरी जखम आपलीच आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटनंतरच्या धुमश्चक्रीत, श्रीनगरजवळ बडगाम येथे आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले. वायुदलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडला. त्या सहांपैकी एक अधिकारी आपल्या नाशिकचे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वायुदलप्रमुखांनी ही मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. आणि ध्यानात घ्या, ते क्षेपणास्त्र जुन्या पिढीतले नव्हते. ते अद्ययावत होते. चुकली ती मित्र आणि शत्रू यांची ओळख, चुकला तो समन्वय. सहा वर्षांनी, कितीतरी अधिक गर्दीच्या आकाशात, जुन्या आणि नव्या शस्त्रांची सरमिसळ सांभाळायची वेळ आली. चूक मान्य करून व्यवस्था सुधारणे हे बेकामधल्या सीरियाला जमले नाही. आपण ते करू लागलो असू, तर बडगामच्या त्या सात जणांचे आपल्यावर ऋण आहे.

अभिमान आणि सबब

आता शेवटचा आणि थोडा कडू मुद्दा. जुनी पेचोरा चालली ही जवानांची आणि तंत्रज्ञांची प्रशंसा आहे. पण ती अजून चालवावी लागते, ही आपल्या व्यवस्थेविरुद्धची तक्रारही आहे. पेचोरासारख्या प्रणालींची जागा घेणे ज्या 'आकाश'कडून अपेक्षित होते, तिचे काम डॉ. कलाम यांच्या नेतृत्वाखालील एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रमात १९८३ साली सुरू झाले. सैन्यदलांत ती रीतसर दाखल झाली २०१४-१५ मध्ये. मधली तीस वर्षे कोणी सांभाळली? याच जुन्या प्रणालींनी. एस-४०० चा करार २०१८ मध्ये झाला; मे २०२५ पर्यंत पाचपैकी तीनच तुकड्या आपल्या हाती आल्या होत्या. १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून 'सुदर्शन चक्र' या योजनेची घोषणा झाली असून २०३५ हे तिचे लक्ष्य आहे. योजना भव्य आहे. ती आकाशसारखी तीस वर्षे रेंगाळू नये, ही जबाबदारी कोणत्या एका सरकारची नाही. संशोधन संस्थांची, खरेदीच्या फायली हलवणाऱ्यांची, आणि त्यांना प्रश्न विचारणाऱ्या तुमच्या-आमच्या समाजाची आहे.

तेव्हा कोणी जुन्या शस्त्रांना भंगार म्हटले तर त्याला बुडयानोव्त्सी सांगा. कोणी जुने ते सोने म्हणून निश्चिंत झाला तर त्याला बेकाचे खोरे सांगा. पुढल्या खेपेला शत्रू पुन्हा तीच चाल खेळणार नाही. या चार रात्रींचा अभ्यास तोही करत असेल, जसा १९७३ नंतर इस्रायलने केला. १९७३ चा विजय सीरियाला १९८२ मध्ये महागात पडला, कारण तो त्यावर विसावला.

येत्या खंडेनवमीला घरातले शस्त्र किंवा अवजार पुसताना राजस्थानच्या वाळूत किंवा पंजाबच्या शेताकडेला रडारपाशी बसलेल्या एखाद्या हवालदाराची आठवण ठेवा. त्याच्या हाती वडिलांच्या पिढीचे शस्त्र आहे आणि त्याने ते लखलखीत ठेवले आहे. त्याच्या मुलाच्या हाती मात्र तेच शस्त्र असू नये. एवढी काळजी आपण घेतली, तरच त्या चार रात्रींचे मोल आपल्याला कळले, असे म्हणता येईल.

वंदे मातरम्!